'तावला' ते 'कावळा'

खिडकीच्या गजावर येऊन बसलेल्या पक्ष्याकडे बोट दाखवून साडेपाच वर्षांचा एक मुलगा मला म्हणाला होता, "तावला." २००९ सालच्या पावसाळ्यातली, इंदूरच्या माझ्या दवाखान्यातली ही गोष्ट. त्या एका शब्दात दोन चुका होत्या, आणि बालरोगतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षे काम करूनही त्या दोहोंतला फरक मला ठाऊक नव्हता. एकीला उपचाराची गरज होती, दुसरीला नव्हती. मी नेमके उलटे केले होते. जिथे उपचार हवा होता तिथे 'थांबा' म्हणालो होतो, आणि जिथे काहीच करावयाचे नव्हते तिथे इलाज सांगून बसलो होतो.

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत आपण बहुधा नव्या उपचारपद्धतींविषयी, बऱ्या झालेल्या रुग्णांविषयी लिहितो. या लेखाची सुरुवात मात्र स्वतःच्या चुकीपासून करणे मला भाग आहे. ती चूक घडली नसती, तर उच्चार सुधारण्यासाठी मुलांशी खेळ कसे खेळतात हे मी कधी पाहिलेच नसते.

'वय वाढले की सुधारेल'

मुलाचे नाव येथे लिहीत नाही. एवढेच सांगतो, की ते 'क'ने सुरू होते. तो साडेतीन वर्षांचा असताना त्याची आई प्रथम तक्रार घेऊन आली. हा काकाला 'ताता' म्हणतो आणि गाडीला 'दाडी'. 'क'च्या जागी 'त' आणि 'ग'च्या जागी 'द' येणे लहान मुलांत अगदी नेहमीचे आहे. जिभेचे टोक पुढे दातांना लावणे सोपे असते. जिभेचा मागचा भाग उचलून मऊ टाळूला टेकवणे त्यामानाने कठीण. साडेतीन-चार वर्षांपर्यंत बहुतेक मुलांची ही सवय आपोआप सुटते. त्या वेळी मी 'थोडे थांबा' म्हणालो, त्यात फारसे वावगे नव्हते.

वर्षभराने ती पुन्हा आली. 'ताता' कायम होता. मी घसा पाहिला, जीभ बाहेर काढावयास सांगितली आणि म्हणालो, "मुलगे थोडे उशिराच बोलतात. मोठ्या शाळेत जाऊ लागला की सुधारेल." कानांची तपासणी सुचवली नाही. जाता जाता आणखी एक सल्ला मात्र दिला. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. इतक्या भाषांनी मूल गोंधळते, तेव्हा काही दिवस घरातही हिंदीच बोला. हा सल्ला मी कोणत्याही ग्रंथात वाचलेला नव्हता. तो ऐकीव होता, आणि माझ्या तोंडून निघाल्यामुळे त्याला औषधाच्या चिठ्ठीचे वजन आले.

तिसऱ्या खेपेला त्याला आजी घेऊन आल्या. साताऱ्याहून त्या मुलाकडे राहावयास आल्या होत्या. नव्या शाळेत वर्गातली मुले नातवाला रोज नाव विचारीत. एकदा सांगितले की पुन्हा विचारीत, आणि हसत. महिनाभरात त्याने वर्गात तोंड उघडणेच सोडले होते. मला हे काहीच ठाऊक नसल्यामुळे मी सवयीने विचारले, "काय रे, नाव काय तुझं?" त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, मान फिरवली आणि खिडकीकडे बोट केले. "तावला."

आजी शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुम्ही सांगितलंत म्हणून वर्षभर मी याच्याशी हिंदीत बोलतेय. मला हिंदी येते ती भाजीबाजारापुरती. गोष्ट नाही सांगता येत तिच्यात. याचं बोलणं काही सुधारलं नाही, माझं मात्र बंद झालं."

मला उत्तर सुचले नाही. मी एका वाचोपचारतज्ज्ञ बाईंना, म्हणजे ज्यांना आपण व्यवहारात स्पीच थेरपिस्ट म्हणतो त्यांना, चिठ्ठी लिहून दिली. हे काम मी वर्षभरापूर्वीच करावयास हवे होते.

एका शब्दातल्या दोन चुका

बाईंचे शिक्षण म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्‌श्रवण संस्थेत झाले होते. १९६५ साली स्थापन झालेली ही संस्था आपल्या देशातल्या या शास्त्राचे एक प्रमुख केंद्र आहे. त्या स्वतः हिंदी भाषक. मुलाला तपासण्याआधीच त्यांनी मला निरोप पाठवला, की कान तपासल्याशिवाय मी जिभेकडे वळत नाही. पडद्यामागे साचलेल्या स्रावामुळे सौम्य बहिरेपणा आलेले मूल हाक मारली की वळून पाहते. म्हणून आपण त्याला ऐकू येते असे समजतो. प्रत्यक्षात त्याला शब्दांचे काठ अस्पष्ट ऐकू येत असतात. केवळ उंच स्वर ऐकू येत नसतील तर 'स' आणि 'श' मुलापर्यंत पोहोचतच नाहीत, आणि जे ऐकू येत नाही ते उच्चारता कसे येणार?

या मुलाचे कान उत्तम निघाले. टाळूत छुपी फट नव्हती, पडजीभ दुभंगलेली नव्हती. नात्यातल्या कोणीतरी जिभेखालचा पडदा कापून घ्यावा असे सुचवले होते. त्यावर बाई हसून म्हणाल्या, की 'क' म्हणावयास जिभेचे टोक लागतच नाही. मग टोकाखालचा पडदा कापून 'क' कसा येईल? इतके सरळ उत्तर मला स्वतःला कधी सुचले नव्हते.

मग त्यांनी 'तावला' हा शब्द कागदावर लिहिला आणि खरा शब्द कोणता ते आजींना विचारले. 'कावळा' आणि 'तावला' यांत दोन फरक होते. 'क'चा 'त' होणे हा दोष, कारण मराठी, हिंदी, इंग्रजी या तिन्ही भाषांत 'क' आहे आणि मुलगा तिन्ही भाषांत तो चुकत होता. 'ळ'चा 'ल' होणे ही गोष्ट निराळी. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. मालवी बोलीत तो आहे, पण आपली मुले शाळेत आणि मित्रांत ऐकतात ती हिंदी. शिवाय अस्सल मराठी घरांतही 'ळ' आणि 'र' हे उशिरा येणारे वर्ण. तेव्हा इंदूरच्या मराठी मुलाने 'बाळ'ऐवजी 'बाल' म्हटले तर तो शेजारच्या भाषेचा रंग आहे, आजार नव्हे. 'चमचा'तला 'च' 'चिमणी'तल्या 'च'सारखा उच्चारणे, हेही त्यातलेच.

यातून ध्यानात ठेवण्याजोगी एक खूण मिळते. उच्चाराचा खरा दोष मुलाच्या सगळ्या भाषांत उमटतो. एका भाषेचा दुसरीवर पडलेला प्रभाव फक्त जिथे दोन भाषा वेगळ्या होतात तिथेच दिसतो. आणि दोन भाषा ऐकल्यामुळे उच्चारदोष निर्माण होत नाही. मी ज्या 'गोंधळा'च्या भीतीने एका घरातली मराठी वर्षभर बंद केली, तो गोंधळ तिथे नव्हताच. बाईंनी आजींना सांगितले, "घर में मराठी ही बोलिए. मुझे शब्द तो आप ही से मिलेंगे."

आपली वर्णमाला हा मुखाचा नकाशाच आहे, हे मला त्या दिवशी नव्याने उमगले. कवर्ग कंठाशी, चवर्ग टाळूशी, टवर्ग मूर्ध्याशी, तवर्ग दातांशी आणि पवर्ग ओठांशी. ढोबळ मानाने पाहता मूल हा नकाशा उलट्या बाजूने चढते. आधी 'मामा' आणि 'बाबा', मग 'दादा', आणि 'काका' त्यानंतर. पाणिनीय शिक्षेत उच्चाराला वाघिणीची उपमा दिली आहे. ती पिलाला दातांत धरून नेते, पण दात रुतू देत नाही आणि पिलू पडूही देत नाही. वर्णही तसाच न चिरडता, न सांडता उच्चारावा. दुसऱ्याचे मूल बोलते करणाऱ्यालाही ही उपमा लागू पडते.

शंभर चिंचोके

गुरुवारी दुपारी माझा दवाखाना बंद असे. बाईंची परवानगी घेऊन मी त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात बसू लागलो. बोलणे शिकवणे म्हणजे आरशासमोर बसवून 'म्हण क, म्हण क' असे घोकून घेणे, अशी माझी कल्पना होती. तिथे दिसली ती चटई, बाहुल्या, भातुकली आणि पत्र्याचा एक डबा.

या खेळांमागे ठरलेली पायऱ्यांची शिडी असते. चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने ती रूढ केली. ते स्वतः लहानपणापासून तोतरे बोलत. आधी चुकीचा व बरोबर वर्ण कानाने ओळखणे, मग तो सुटा उच्चारणे, मग अक्षरांत, शब्दांत, वाक्यांत आणि शेवटी मोकळ्या बोलण्यात आणणे. पायरी गाळली की मूल घसरते. दुसरा नियम संख्येचा. वर्ण जिभेवर बसण्यासाठी एका बैठकीत शंभराच्या आसपास उच्चार व्हावेत अशी अपेक्षा असते. मूल शंभर वेळा घोकणार नाही, पण खेळता खेळता शंभर वेळा बोलेल. खेळाचे प्रयोजन एवढेच.

पत्र्याचा डबा त्या मोजणीसाठी होता. प्रत्येक प्रयत्नाला मुलाने डब्यात एक चिंचोका टाकावयाचा. टण् असा आवाज होई आणि तोच त्याचा मोबदला. चिंचोके आजींनी आणून दिले होते. (तीन वर्षांखालील मुलांच्या हाती चिंचोके किंवा मणी देऊ नयेत, ते नाकात किंवा श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.)

*घंटेचा खेळ.* पहिल्या दोन बैठकांत मुलाला काहीच म्हणावयाचे नव्हते. बाईंच्या हातात कापडी कावळा असे. बाई चित्र दाखवून कधी 'केळे' म्हणत, कधी 'तेळे'. चुकीचे ऐकले की मुलाने पूजेची छोटी घंटा वाजवावयाची. दुसऱ्यांची चूक पकडण्याचा अधिकार मिळताच तो ताठ बसला. ज्याला सगळे हसत होते, त्याच्या हाती न्यायाधीशाची घंटा आली होती.

*कावळ्याची सर्दी.* तिसऱ्या बैठकीत 'क' शोधण्याचे काम सुरू झाले. आधी बसून पाण्याच्या गुळण्या केल्या. पाणी जिथे खळखळते तीच 'क'ची जागा, हे त्याला कळले. मग तो चटईवर उताणा झोपला. या स्थितीत जीभ आपल्याच वजनाने मागे सरते. बाईंनी लाकडी चपट्या काडीने जिभेचे टोक हलकेच खाली धरले आणि 'ता' म्हणावयास सांगितले. टोक अडलेले, म्हणून मागचा भाग उचलला गेला आणि खोकल्यासारखा एक आवाज आला. बाई म्हणाल्या, "कावळ्याला सर्दी झाली." त्यांच्याकडून मराठीतले एवढेच एक वाक्य आजींनी घोकून घेतले होते. मुलगा खदखदून हसला आणि सर्दी झालेला कावळा त्याने पुन्हा काढून दाखवला. त्या दिवशी डब्यात अठरा चिंचोके पडले.

*आजीचा बटवा.* सुटा 'क' जमल्यावर 'का, की, कू' झाले, मग शब्द आले. आजी घरून कापडी बटवा भरून आणीत. न पाहता आत हात घालावयाचा, वस्तू चाचपून ओळखावयाची आणि नाव घेऊन बाहेर काढावयाची. कंगवा, किल्ली, कप, कापूस, केळे. पुढच्या आठवड्यात शब्दाच्या शेवटी 'क' असलेल्या गोष्टी आल्या. खेळण्याचे चाक, एक चेंडूफळीचे पुस्तक, बाहुलीचे नाक. वस्तू हाती असली की शब्द कोरडा राहत नाही.

*काप हवा की ताप?* मला सर्वांत आवडलेला खेळ दुकानाचा. केवळ एका वर्णाने अर्थ बदलणाऱ्या जोड्यांची चित्रे मांडलेली असत. काप-ताप, कार-तार, हाक-हात, गार-दार, गोरी-दोरी. मुलगा गिऱ्हाईक, बाई दुकानदार. त्याला सफरचंदाचे काप हवे होते. तो म्हणाला, "ताप द्या." बाईंनी गंभीर चेहऱ्याने थर्मामीटरचे चित्र त्याच्या हाती ठेवले. तो चकित झाला. "हे नाही!" पुन्हा मागितले, पुन्हा थर्मामीटर. तिसऱ्यांदा त्याने जीभ मागे ओढली, डोळे मिटले आणि म्हणाला, "काप." मिळाले सफरचंद. 'चुकलास' असे कोणीही म्हटले नव्हते. वर्ण बदलला तर वस्तू बदलते, एवढेच दुकानाने त्याला सांगितले होते. शिकण्यासाठी याहून मोठे कारण कोणते?

*भातुकलीचा सराफा.* शब्द पक्के झाल्यावर वाक्यांसाठी भातुकली मांडली. इंदूरचा मुलगा, तेव्हा रात्रीचा सराफा बाजारच चटईवर उतरला. 'कढईत कांदा टाक', 'कणसाचा कीस कर', 'गरम गरम गराडू घ्या'. मी गिऱ्हाईक झालो आणि कीस तिखट झाल्याची तक्रार केली. त्याने मला ठणकावून सांगितले, "काका, कमी खा." त्या दिवशी डबा मोजला तेव्हा एकशे बारा चिंचोके निघाले.

इतर वर्ण, इतर खेळ

प्रत्येक वर्णाची अडचण वेगळी, म्हणून खेळही वेगळा. 'स' म्हणताना जीभ दातांबाहेर येत असेल तर 'दारे लावा, साप आत ठेवा' हा खेळ खेळतात. दात म्हणजे दारे, जीभ म्हणजे साप. दातांच्या मधोमध शीतपेयाची नळी धरून 'स्‌स्‌' म्हटले, की हवा मधूनच जाते की बाजूने निसटते ते नळीच्या आवाजावरून मुलाला स्वतःच ऐकू येते. 'ख', 'थ', 'फ' या महाप्राणांसाठी ओठांसमोर कागदाची पट्टी धरावयाची. 'क'ला ती जेमतेम हलते आणि 'ख'ला फडफडते. 'र'साठी रस आणि लस, राख आणि लाख अशा जोड्या आहेत. रस मागणाऱ्या मुलाला लस मिळाली, तर तो उच्चार सुधारण्याची किती घाई करील हे बालरोगतज्ज्ञाला सांगावयास नको. मोठ्या मुलांना लगोरीचा डाव चालतो. प्रत्येक ठिकरी ठेवताना 'र'चा एक शब्द. सात ठिकऱ्या, सात शब्द.

एक गैरसमज येथेच दूर करतो. फुगे फुगवणे, शिट्ट्या वाजवणे, ओठाला मध लावून जिभेने चाटावयास लावणे, हे व्यायाम घरोघरी आणि काही दवाखान्यांतही सांगितले जातात. त्यांनी मूल रमते, पण केवळ अशा व्यायामांनी उच्चार सुधारतात याला भक्कम पुरावा नाही. बोलणे बोलण्यानेच सुधारते. आणि एक वर्षाखालील बाळाला तर मध कोणत्याही निमित्ताने देऊ नये.

घरी काय करावे

आठवड्यातून एक बैठक म्हणजे गळ्याखाली उतरवलेला एक घोट. खरे पोषण घरी होते. बाईंनी आजींना दिलेल्या सूचना मी लिहून घेतल्या होत्या. पुढे अनेक पालकांना त्याच देत आलो आहे.

दिवसातून दोन-तीनदा पाचच मिनिटे खेळावे. अर्धा तास एकदम नको. खेळ मुलाच्या आजच्या पायरीचाच असावा. सुटा 'क' जमत असताना वाक्यात 'क' मागू नये. एरवीच्या बोलण्यात अडवू नये, 'नीट बोल' म्हणू नये. मूल "तावला आला" म्हणाले तर आपण सहजपणे म्हणावे, "हो, कावळा आला. काळा कावळा." त्याच्याकडून वदवून घेण्याचा आग्रह धरू नये. कानावर शुद्ध शब्द पडावा आणि संवाद तुटू नये. पाहुण्यांसमोर त्याला 'गाडी म्हणून दाखव' असे सांगू नये. बोबडेपणा कितीही गोड वाटला तरी आपण तसे बोलू नये. आणि आजीने गोष्ट आपल्याच भाषेत सांगावी.

शेवटच्या सूचनेचे फळ आम्हाला अनपेक्षितपणे पाहावयास मिळाले. सातव्या महिन्यात बाईंनी उजळणी म्हणून पुन्हा घंटेचा खेळ काढला. कापडी पक्षी उचलून त्या म्हणाल्या, "कावला." लगेच घंटा वाजली. बाईंना वाटले, चुकून वाजली. त्या पुन्हा म्हणाल्या, "कावला." पुन्हा घंटा. मुलगा उठून त्यांच्याजवळ गेला, तोंड उघडून जिभेचे टोक वर वळवून दाखवले आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "असं नाही. का-व-ळा."

'ळ' त्याला कोणी शिकवला नव्हता. त्यासाठी एकही चिंचोका पडला नव्हता. घरात मराठी परत आली, चिऊ-काऊची गोष्ट परत आली, आणि तिच्याबरोबर 'ळ' आपल्या पायांनी चालत आला. आजींनी पदर डोळ्यांना लावला. बाईंनी मात्र त्या दिवशी 'ळ' शिकण्याची शिकवणी लावून घेतली. गुरू साडेसहा वर्षांचे नव्हते, सहाच वर्षांचे होते.

आपल्या हाती काय आहे

व्यवसायबंधू आणि भगिनींनो, उच्चारांवर उपचार करणे हे आपले काम नव्हे, पण वेळेवर चिठ्ठी लिहिणे हे निश्चितच आपले काम आहे. मी स्वतःसाठी काही नियम केले आहेत. चार वर्षांच्या मुलाचे बोलणे परक्या माणसाला बहुतांशी कळत नसेल, तर थांबावयाचे नाही. 'क' आणि 'ग' चार वर्षांनंतरही येत नसतील तर पाठवावयाचे. 'र' आणि 'ळ'साठी अधिक धीर धरता येतो. बोलणे नाकातून येत असेल, तर विजेरी घेऊन टाळू आणि पडजीभ पाहावयाची, बोटाने टाळूचा मागचा काठ चाचपावयाचा. कोणत्याही वयात बोलण्याची शंका आली की आधी श्रवणचाचणी. येत असलेले शब्द मूल गमावू लागले, किंवा हाकेला प्रतिसाद देईनासे झाले, तर तो प्रश्न केवळ उच्चारांचा नसतो. त्याची संपूर्ण विकासात्मक तपासणी लगेच व्हावी. ज्यांना खासगी उपचार परवडत नाहीत त्यांच्यासाठी २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची वाट आहे. ती पालकांना आपणच दाखवावी.

आणि एक नियम विशेष करून आपल्यासाठी, जे पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहून घरात मराठी जपत आलो त्यांच्यासाठी. मूल नीट बोलत नाही म्हणून घरातली भाषा बंद करा, असे कोणालाही सांगू नये. त्या सल्ल्याने दोष जात नाही. जाते ती आजी.

माझ्या टेबलाच्या खणात आज एक कापडी कावळा, काप-तापाची चित्रे आणि चिंचोक्यांचा एक डबा असतो. स्टेथोस्कोप लावण्यापूर्वी तीन मिनिटे दुकान मांडले, तर मुलाच्या उच्चारांविषयी जे कळते ते जीभ बाहेर काढून कळत नाही.

तो मुलगा आता नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात असतो. काही महिन्यांपूर्वी त्याचा फोन आला. परदेशी जावयाचे होते, लहानपणीच्या लसीकरणाचा दाखला हवा होता. त्याने आपले पूर्ण नाव सांगितले. स्पष्ट, घाई न करता.

मी म्हणालो, "पुन्हा एकदा सांग, बाळा."

त्याने पुन्हा सांगितले. मला पहिल्यांदाच नीट ऐकू आले होते.